गप्पी माशांची पर्सनॅलिटी

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

ऑगस्टमध्ये डासांचा उच्छाद वाढला, तेव्हा आमच्या हॉस्टेलमागच्या हौदात गप्पी मासे सोडले. ते डासांच्या अळ्या खातात. मी शिपाईमामांकडून पाच नर मागून घेतले आणि काचेच्या बरणीत घालून खोलीवर आणले. (रेक्टर मॅडम, सॉरी!) प्रत्येक नराच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यामुळे ओळखायला सोपे. बरणीत करवंटीचा एक तुकडा टाकला. काचेवर टिचकी मारली की पाचही जण करवंटीखाली गडप! मग मी घड्याळ लावून बसायचे. आधी बाहेर कोण येतं?

पंधरा दिवस रोज रात्री हा उद्योग केला. काळ्या ठिपक्याचा एक जण जवळजवळ रोज पहिला यायचा. त्याचं नाव ठेवलं दादा. सगळ्यात शेवटी यायचा तो शामळू. मधले तिघे आपापसात जागा बदलायचे.

रूममेट म्हणाली, "माशांना कसली आलीये पर्सनॅलिटी?" म्हणून मी वाचायला घेतलं. आणि काय सांगू, शास्त्रज्ञ खरंच हाच शब्द वापरतात! अट एकच. तोच मासा वेगवेगळ्या दिवशी साधारण तसाच वागला पाहिजे. एकदा घाबरला म्हणून तो भित्रा ठरत नाही. १९७६ साली फेलिसिटी हंटिंगफर्ड या संशोधिकेने दाखवलं, की स्टिकलबॅक नावाच्या बोटाएवढ्या माशांमध्ये जे जातभाईंशी जास्त भांडतात, ते शिकारी माशासमोरही जास्त धीट असतात. म्हणजे प्रसंग बदलला तरी स्वभाव तोच.

मग धीट असणं चांगलं का? इथेच खरी गंमत आहे. गप्पींना एक विचित्र सवय असते. शिकारी मासा दिसला की त्यांतले काही जण पळण्याऐवजी जवळ जाऊन त्याला न्याहाळून येतात! १९९२ साली ली डुगॅटकिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या सवयीवरून गप्पींचे धीट, मध्यम आणि भित्रे असे तीन गट केले आणि त्यांना बास जातीच्या शिकारी माशाबरोबर टाकीत सोडलं. दोन-तीन दिवसांनी मोजणी केली, तर भित्र्यांपैकी ४० टक्के जिवंत, मध्यमांपैकी १५ टक्के आणि धीटांपैकी एकही नाही!

मग धीट गप्पी संपून का जात नाहीत? १९९६ साली गोडँ आणि डुगॅटकिन यांनी पाहिलं, की माद्यांना धीट नरच जास्त आवडतात. म्हणजे धिटाईचा फायदा आहे आणि तोटाही आहे. भित्रेपणाचंही तसंच. जसं पाणी, तसा हिशोब. म्हणून दोन्ही स्वभाव टिकून राहतात.

बरं, हा स्वभाव येतो कुठून? अ‍ॅमेझॉन मॉली या माशात सगळ्या माद्याच असतात आणि पिल्लं म्हणजे आईची झेरॉक्स. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अशी एकसारखी पिल्लं जन्मापासून एकेकटी, एकसारख्या टाक्यांत वाढवली. तरीही प्रत्येकीचं वागणं वेगळंच निघालं!

हे सगळं मी का लिहितेय? जुलैमध्ये आमचा मॉक जीडी झाला. विषय मला येत होता, पण आठ जणांच्या कलकलाटात माझं तोंडच उघडलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात आलं, 'आत्मविश्वास नाही'. पंधरा मिनिटांत माझी पर्सनॅलिटी ठरली! त्या रात्री मी मेसमध्ये गेलेच नाही.

नंतर वाचनात एक आकडा सापडला. २००९ साली प्राण्यांवरचे असे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. वागण्यातल्या एकूण फरकापैकी सरासरी साधारण ३७ टक्के फरक हा त्या-त्या प्राण्याच्या स्वतःच्या स्वभावामुळे पडतो. उरलेला त्या दिवसामुळे, परिस्थितीमुळे, मोजण्यातल्या चुकांमुळे. आपण साधा रेझिस्टर मोजतानासुद्धा तीन रीडिंग घेऊन सरासरी काढतो. एका रीडिंगवर जर्नल सबमिट केलं, तर सर ते परत करतील. मग माणसाला एकाच रीडिंगवर नापास कसं करायचं? आणि खरं सांगायचं तर मीही त्या एका शेऱ्यावरून स्वतःला नापास करून मोकळी झाले होते.

पुढच्या महिन्यात कॅम्पसचा खरा जीडी आहे. दादासारखी पहिली उडी मारणं मला जमेल असं वाटत नाही. पण तिसरी-चौथी तरी बोलेनच, असं ठरवलंय.

मैत्रिणींनो, मासे बघायला खोलीवर जरूर या. फक्त काचेवर टिचकी मारू नका. मीही आता मारत नाही. शामळूला बाहेर यायला साडेचार मिनिटं लागतात. पण येतो तो!