पट्ट्यांची गाडी आणि वळणाचा हिशेब

रिमोटवर चालणारी पट्ट्यांची गाडी घरच्या वर्कशॉपमध्ये बांधायला निघालेला माणूस बहुधा पट्ट्यापासूनच सुरुवात करतो. साहजिकच आहे ते. रणगाडा असो की विहीर खोदायला गावात आलेला पोकलेन, नजर आधी त्या फिरत्या चेनवरच खिळते. मग पट्टा कशाचा करायचा, कड्या किती, रबर लावायचे की नाही, यातच महिने जातात. त्यानंतर चौकट, त्यानंतर मिळेल ती मोटर. गाडी अंगणात उतरते, सरळ झकास धावते आणि वळायला सांगितले की जागच्या जागी गुरगुरत बसते. सर्किट तापते, पट्टा निसटतो. म्हणून हिशेब दुसऱ्या टोकाने मांडावा असे माझे मत आहे. आधी वळण, मग मोटर, मग वीज. पट्ट्याचे लाड त्यानंतर.

मोटारगाडी पुढची चाके तिरकी करून वळते. पट्ट्याला तिरके होता येत नाही. एक पट्टा जोरात आणि दुसरा हळू, किंवा एक पुढे आणि दुसरा मागे फिरवून गाडीचे तोंड वळवावे लागते. तेव्हा जमिनीला टेकलेला पट्टा आडवा घासत जातो, मध्यापाशी थोडा आणि दोन्ही टोकांना सर्वांत जास्त. मोटरची खरी परीक्षा या घासण्यात असते.

उदाहरणादाखल एक मध्यम गाडी घेऊ. वजन २० किलो, जमिनीला टेकलेली पट्ट्याची लांबी ४५ सेंटिमीटर, दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांमधले अंतर ३५ सेंटिमीटर. कडक सपाट जमिनीवर सरळ जाताना प्रत्येक पट्ट्याने साधारण एक किलोचा ओढा दिला तरी भागते. जागेवर गिरकी घ्यायची झाली तर आडव्या घर्षणाचा वाटा त्यात मिळवावा लागतो. तो काढायची रीत सोपी आहे: घर्षणांक, वजन आणि लांबी यांचा गुणाकार करायचा आणि मधल्या अंतराच्या चौपटीने भागायचे. रबराचे पट्टे आणि सिमेंटचे अंगण असेल तर घर्षणांक ०.७ धरावा. उत्तर येते साडेचार किलो. आधीचा एक मिळवून प्रत्येक बाजूला साडेपाच, म्हणजे सरळ जाण्याच्या साडेपाच पट.

या सूत्रात लांबी वर आहे आणि अंतर खाली. गाडी ऐटदार दिसावी म्हणून टेकलेली लांबी ७० सेंटिमीटर केली की तोच ओढा आठ किलोंवर जातो. लांबीला अंतराने भागून येणारा आकडा साधारण १ ते १.८ च्या दरम्यान ठेवावा. १ च्या खाली गाडी सरळ चालताना भिरभिरते, १.८ च्या वर वळायचे नाव घेत नाही. पट्ट्याची रुंदी मात्र या सूत्रात कुठेच नाही. कडक जमिनीवर रुंद पट्ट्याचा वळताना फारसा भुर्दंड पडत नाही आणि चिखलात फायदा होतो. आपल्या गाडीचा पट्टा सहा सेंटिमीटर रुंद असेल तर जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्रॅमसुद्धा भरत नाही. चालत्या माणसाच्या पायाखालचा दाब याच्या कित्येक पट असतो. आणखी एक युक्ती आहे: दोन्ही टोकांची चाके मधल्या चाकांपेक्षा एक-दोन मिलिमीटर वर बसवायची. फरशीवर टेकलेली लांबी आपोआप कमी होते, आणि मऊ मातीत गाडी थोडी रुतली की पूर्ण पट्टा कामाला लागतो.

वळण्याने मोठमोठ्यांना छळले आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची जमीन इतकी भुसभुशीत की वाफेवर चालणारी अवजड ट्रॅक्शन इंजिने तिच्यात रुतत. चाके रुंद करून करून बेंजामिन होल्ट थकला आणि १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने चाके काढून तिथे साखळ्यांवर लाकडी फळ्या ठोकलेले पट्टे बसवून पाहिले. रुतण्याचा प्रश्न सुटला, वळण्याचा उरला. होल्टच्या सुरुवातीच्या यंत्रांना वळण्यासाठी पुढे एक वेगळे चाक असे. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये सोमच्या लढाईत उतरलेला ब्रिटिशांचा ‘मार्क वन’ रणगाडा २८ टनांचा आणि इंजिन १०५ अश्वशक्तीचे. आतल्या आठ माणसांपैकी चौघे गाडी चालवण्यातच गुंतलेले असत: एक चालक, ब्रेक सांभाळणारा कमांडर आणि दोन्ही बाजूंचे गिअर बदलणारे दोघे. एकट्या माणसाला रणगाडा चालवता आला तो १९१८ च्या ‘मार्क फाइव्ह’मध्ये, वॉल्टर विल्सनच्या नव्या गिअर-रचनेमुळे. आपल्याकडे प्रत्येक पट्ट्याला स्वतःची विजेची मोटर असते, म्हणून हा सगळा खटाटोप रिमोटच्या एका दांडीत मावतो.

आता मोटर. पट्टा ओढणाऱ्या दात्यांच्या चाकाची, म्हणजे स्प्रॉकेटची त्रिज्या पाच सेंटिमीटर धरली तर साडेपाच किलो गुणिले पाच, म्हणजे साडेसत्तावीस किलो-सेंटिमीटर पीळ हवा. मोटर अडवून धरल्यावर जो कमाल पीळ देते तो याच्या तिप्पट तरी असावा. जुन्या बाजारात किंवा गाड्यांच्या भंगारात मिळणारी वायपरची मोटर हे सहज पेलते. तिच्या आतला गिअर वर्म जातीचा असल्याने वीज बंद झाली तरी गाडी उतारावरून सहसा घरंगळत नाही. वेग मात्र बेताचा. मिनिटाला ५० फेरे धरले तर गाडी तासाला एक किलोमीटरही जात नाही. हौसेला पुरेसे आहे. पोरांना शर्यत लावायची असेल तर दुसरी मोटर शोधा.

वायपरच्या मोटरचे दोन गुण बांधण्याआधी माहीत हवेत. पुष्कळ मोटरींमध्ये ऋण टोक आतून थेट लोखंडी अंगाला जोडलेले असते. कारमध्ये ते चालते, कारण तिथे मोटर एकाच दिशेने फिरते. आपल्याला ती उलटीही फिरवायची असते, आणि अशा दोन मोटरी एकाच लोखंडी चौकटीला आवळल्या की एक पुढे, एक मागे करताच चौकटीतूनच शॉर्ट होतो. मल्टिमीटरने तपासावे, आणि अंगाशी जोड सापडला तर तो आतून तोडावा किंवा मोटरीखाली बेकेलाइटची पट्टी आणि बोल्टांना नायलॉनचे बुश घालावेत. दुसरे असे की ही मोटर एका दिशेला थोडी जास्त वेगाने फिरते. डावी-उजवी समोरासमोर बसवली की गाडी पुढे जाताना एक मोटर सुलटी आणि दुसरी उलटी फिरणार, आणि गाडी एका अंगाला ओढणार. रिमोटवर वेगवान बाजूची कमाल मर्यादा थोडी खाली आणली की काम होते.

विजेच्या बाजूला सर्वाधिक पैसे जळतात ते मोटर-ड्रायव्हरवर. मोटरच्या गुंडाळ्याचा रोध ०.६ ओहम असेल तर १२ व्होल्टवर अडलेली मोटर २० अँपिअर ओढते. वेगात असताना एकदम उलटी दिली की क्षणभर प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमधला एल-२९८ हा ड्रायव्हर एका बाजूला दोन अँपिअरचा. तो इथे नको. बाजारात ४३ अँपिअर छापलेले स्वस्त बोर्ड मिळतात, पण त्यावरच्या चिमुकल्या हीट-सिंकवर तो आकडा फार वेळ टिकत नाही. रिमोटच्या कारचा स्पीड कंट्रोलर घेत असाल तर एक खोच लक्षात ठेवा. दांडी मागे ओढली की त्यातले बरेचसे आधी ब्रेक लावतात आणि दुसऱ्यांदा ओढल्यावरच उलटे फिरतात. गिरकीत एक पट्टा त्याच क्षणी मागे फिरायला हवा, म्हणून ब्रेकशिवाय थेट उलटा फिरणाराच निवडावा.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनलचा पुरतो. या लहरींना आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. रिसीव्हर सेकंदाला साधारण पन्नास ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर थांब, दोनचा असेल तर पूर्ण पुढे, एकचा असेल तर पूर्ण मागे. वेग आणि वळण एकाच दांडीवर आणण्यासाठी डाव्या पट्ट्याला दोन्हींची बेरीज आणि उजव्याला वजाबाकी पाठवायची. हे गणित बहुतेक रिमोटमध्ये तयार असते, फक्त विमानांच्या यादीत, ‘एलेव्हॉन’ या नावाखाली. शेपटी नसलेल्या विमानांसाठी केलेली सोय रणगाड्याला जशीच्या तशी लागू पडते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी दणकट आणि स्वस्त. पण तो सातचा आकडा वीस तास हळूहळू वीज काढण्याचा असतो. सात अँपिअरने काढली तर तासाऐवजी पाऊण तासाच्या आतच ती दम टाकते. लिथियम-पॉलिमर हलकी, पण तिला जपावे लागते. बॅटरीजवळ फ्यूज, गाडीच्या पाठीवर हाताला सापडेल असा मोठा बंद-स्विच, आणि रेंज तुटली की दोन्ही मोटरी थांबतील अशी रिसीव्हरची फेल-सेफ या गोष्टींत तडजोड नको. पहिली चाचणी गाडी विटांवर उचलून, पट्टे अधांतरी ठेवूनच घ्यावी. वीस किलोंच्या गाडीच्या पट्ट्यात सापडलेले बोट खेळण्यात सापडल्यासारखे सुटून येत नाही.

आता पट्टा. घरच्या साधनांत सर्वांत भरवशाचा प्रकार होल्टचाच: प्रत्येक बाजूला दोन साखळ्या आणि त्यांवर आडव्या पट्ट्या. साखळी अर्ध्या इंची पिचची घ्यावी; तिला बाजूला पंख असलेल्या कड्या मिळतात, त्यांवर ॲल्युमिनियमची किंवा नायलॉनची पट्टी बोल्टने बसते. आपल्या गाडीला २५ दातांचे स्प्रॉकेट दोन्ही टोकांना आणि साधारण ९६ कड्या लागतील. कड्यांची संख्या सम ठेवा, नाहीतर अर्धी कडी शोधत फिरावे लागते, आणि ती साखळीचा सर्वांत कमकुवत जोड ठरते. बोल्टला नायलॉक नट हवेत. साधे नट पट्ट्याच्या थरथरीने गळून पडतात.

थ्री-डी प्रिंटरवर छापलेल्या कड्यांचा पट्टा दिसायला देखणा. कड्या मोठ्या असल्याने स्प्रॉकेटला दात कमी लागतात आणि तिथेच गोम आहे. सहा दातांवर पट्ट्याचा वेग दर दातागणिक १३ टक्क्यांनी कमी-जास्त होतो आणि गाडी धडधडत चालते. दहा दातांवर तो फरक पाच टक्क्यांवर येतो. खिळी तीन मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेची घालावी. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात बंद कारमध्ये असा पट्टा ठेवू नये. पीईटीजी बरे.

पट्टा निसटतो तो बहुतेक वेळा वळतानाच, आणि ढिला असेल तर हमखास. म्हणून एका टोकाच्या चाकाचा आस लांबट खाचेत बसवून मागून बोल्टने रेटता आला पाहिजे. पोकलेनमध्ये हेच काम ग्रीसने होते. ऑपरेटर ग्रीस-गन लावतो, सिलिंडर पुढचे चाक ढकलतो आणि चेन ताणली जाते. ताण फार दिला तर बेअरिंगे रडतात. दोन चाकांच्या मधोमध वरचा पट्टा बोटाने दाबल्यावर थोडा लवला पाहिजे. शिवाय पट्ट्याच्या आतल्या अंगाला मधोमध उभे कान असावेत आणि जमिनीलगतची मधली चाके त्यांच्या दोन्ही बाजूंनी धावावीत, म्हणजे आडवा धक्का कानांवर जातो.

स्प्रॉकेट पुढे की मागे, याचे दोन्ही नमुने पाहायचे असतील तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात जावे. अमेरिकी शर्मनचे दात्यांचे चाक पुढे आहे, ब्रिटिश सेंच्युरियनचे आणि आपल्या विजयंताचे मागे. मागचे चाक जमिनीवरचा पट्टा थेट खेचते आणि वरचा सैल राहतो. पुढचे चाक मात्र ओढ वरच्या बाजूने फिरवून आणते, त्यामुळे पट्ट्याचा जास्त भाग ताणाखाली राहतो. घरच्या गाडीला मागचेच सोयीचे. फक्त गाडी मागे घेताना हाच हिशेब उलटतो: सैलपणा स्प्रॉकेट आणि जमीन यांच्यामध्ये येऊन गोळा होतो, आणि त्यात कोणी दांडी आडवी केली की पट्टा उतरलाच. मागे घेताना सरळ घ्यावे, थांबावे, मग वळावे.