दापोडीची परिचारिका आणि आपली वस्ती

पद्मसूरी या इंग्लंडच्या बौद्ध परिचारिका १९८२ साली पुण्यात आल्या. मराठी शिकल्या आणि दापोडीच्या वस्तीत आरोग्याचे काम केले. त्या कामातली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते : वस्तीतल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. परदेशी ताई कधीतरी परत जाणारच. शेजारीण मात्र रात्री दोनलाही दार उघडते.

आपल्या भिवंडीत पावसाळ्यात लूमच्या गल्ल्यांत पाणी तुंबते. पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले की लेकरांना जुलाब लागतात. तेव्हा प्रत्येक चाळीत निदान एकीला तरी एवढे यावे. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर घातक, म्हणून मोजूनच घ्या. प्रत्येक जुलाबानंतर घोटघोट पाजा, अंगावरचे दूध चालू ठेवा. ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मागा; झिंक सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी.

डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडले, काहीच पीत नाही किंवा शौचातून रक्त आले, तर अंगारा-धुपारा नको, तडक दवाखाना गाठा. पीत असेल तर रिक्षातही पाजत राहा.