‘पित्तच असेल!’

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात ‘पित्त झाले’ हे निदान रुग्ण घरूनच करून येतो. ज्वारीची भाकरी, झणझणीत ठेचा, वर कडक चहा आणि जेवताक्षणी अंथरूण; मग घशाशी आंबट पाणी. तक्रार जुनीच, माधवनिदानात आम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे.

थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण नंतर आम्ल अधिकच स्रवते. खाण्याचा सोडा जळजळ शमवतो. मात्र त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णास बाधते. धने-जिऱ्याच्या पाण्याला माझी हरकत नाही. खरा गुण येतो तो निजण्यापूर्वी 3 तास जेवण उरकल्याने, डाव्या कुशीवर झोपल्याने आणि खाटेचे उशाकडील पाय विटांवर 6 इंच उचलल्याने. उशांची चळत नको. तिने पोट दुमडते.

पैनगंगेकाठचे एक शेतकरी रात्रभर सोड्याचे पाणी पिऊन पहाटे माझ्याकडे आले. अंगाला दरदरून घाम, डावा हात जड. ईसीजी काढला, हृदयविकाराचा झटका होता. त्यांची पत्नी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आम्हाला पित्तच वाटलं हो.” वेळेत पुढे धाडल्याने ते वाचले. तेव्हापासून जळजळ सांगणाऱ्या रुग्णाला मी ठेच्याआधी घामाविषयी विचारतो.