खोक्याचे पैसे कोणी द्यायचे?

३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईतल्या केबलवरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करण्याची मुदत संपली. ही मुदत त्याआधी दोनदा पुढे ढकलली गेली होती, ३१ मार्चवरून ३० जूनवर आणि तिथून ऑक्टोबरअखेरीस. ज्या घरात सेट-टॉप बॉक्स नव्हता, तिथे पडद्यावर मुंग्या आल्या. ३१ मार्च २०१३ ही पुणे, नागपूर, नाशिक अशा मोठ्या शहरांची मुदत होती. पुढे लहान शहरे आणि गावे यांची पाळी येत येत २०१७ साल उजाडले. केबल असलेल्या प्रत्येक घरात खोका आला आणि त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी त्या घरानेच मोजले, कधी रोख, कधी अनामत रक्कम आणि दरमहा भाडे अशा रूपात.

हा बदल वाईट होता असे मला वाटत नाही. पण त्याच्या खर्चाबद्दल काही समजुती लोकांच्या मनात इतक्या घट्ट बसल्या आहेत की, या व्यवहारात फायदा कोणाचा झाला आणि त्याने खर्चाचा वाटा उचलला का, हा साधा प्रश्न मागेच राहतो.

‘डिजिटल तंत्रज्ञान महाग, म्हणून बिल वाढले’

तंत्रज्ञानाने प्रत्येक वाहिनी पोचवण्याचा खर्च उलट कमी केला. केबलच्या तारेत एका अ‍ॅनालॉग वाहिनीला जेवढी जागा लागत असे, तेवढ्यात साध्या दर्जाच्या आठ-दहा डिजिटल वाहिन्या सहज मावतात. अ‍ॅनालॉगच्या काळात तारेत जागा कमी आणि वाहिन्या जास्त, म्हणून चांगल्या क्रमांकावर दिसण्यासाठी वाहिन्याच केबल कंपन्यांना पैसे मोजत. जागा वाढली, तशी ही टंचाई सरली.

बिल वाढले ते दर ठरवण्याच्या पद्धतीमुळे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी चौकट २०१९ च्या सुरुवातीला घरोघरी लागू झाली. तीत आधी १०० वाहिन्यांपर्यंत जोडणीचे शुल्क, कमाल १३० रुपये, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. १८ टक्के जीएसटी धरला की नुसती जोडणीच १५३ रुपये ४० पैशांना पडे. घरातले सगळे फक्त निःशुल्क वाहिन्या बघत असले तरी ही रक्कम सुटत नसे. पुढे तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. हे सगळे निर्णय माणसांनी कागदावर घेतलेले आहेत. खोक्यातल्या चिपवर त्यांचे खापर फोडणे बरोबर नाही.

‘अमेरिकेत सरकारने खोके वाटले, आपल्याकडे का नाही?’

अमेरिकेत सरकारने मदत केली हे खरे आहे, पण ती कशासाठी होती आणि पैसा कुठून आला हे बघायला हवे. तिथे १२ जून २००९ रोजी बंद झाले ते मोठ्या केंद्रांचे हवेतून होणारे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण, म्हणजे घराच्या अँटेनावर येणारा टीव्ही. सरकारने मागणाऱ्या कुटुंबाला ४० डॉलरची जास्तीत जास्त दोन कूपने दिली. त्यासाठी सुरुवातीला १५० कोटी डॉलरपर्यंतची तरतूद होती. २००९ च्या जानेवारीत पैसे कमी पडून प्रतीक्षायादी लागली, तेव्हा संसदेने आणखी ६५ कोटी डॉलर दिले आणि फेब्रुवारीतली मूळ तारीख जूनपर्यंत पुढे नेली. कूपनाची मुदत ९० दिवसांची असे आणि ते केबलच्या खोक्यासाठी चालत नसे.

हा पैसा आला लहरींच्या लिलावातून. अ‍ॅनालॉग टीव्ही बंद झाल्याने जे लहरीपट्टे मोकळे होणार होते, ते २००८ मध्ये मोबाइल कंपन्यांना विकून अमेरिकी सरकारने सुमारे १,९०० कोटी डॉलर मिळवले. ज्या लोकांचा टीव्ही बंद करून ही जागा मिळवली, त्यांना त्यातला थोडा भाग परत दिला, इतका तो साधा हिशेब होता.

ब्रिटनने दुसरा मार्ग घेतला. तिथे टीव्ही असलेले घर दरवर्षी परवाना शुल्क भरते. त्या शुल्कातून ६०.३ कोटी पौंड बाजूला काढून ७५ वर्षांवरील आणि अपंग प्रेक्षकांसाठी मदत योजना चालवली. माणूस घरी येऊन खोका जोडून देई आणि तो वापरायचा कसा हेही शिकवी. अनेकांना त्यासाठी ४० पौंड भरावे लागत, गरिबांना तेवढेही नाहीत. म्हाताऱ्या माणसाला रिमोट समजावून सांगण्याचा खर्च हाही बदलाचाच खर्च आहे, हे त्या योजनेने मान्य केले. आपल्याकडे ते काम नातवंडांवर आणि केबलवाल्याच्या पोऱ्यावर पडले.

बर्लिनमध्ये ऑगस्ट २००३ मध्येच हवेतले अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबले. तिथल्या माध्यम प्राधिकरणाने खासगी वाहिन्यांना डिजिटल प्रक्षेपणासाठी सुमारे ४० लाख युरोंचे अनुदान दिले होते. ते केबल आणि उपग्रहावर अन्याय करणारे आहे, असे म्हणत युरोपीय आयोगाने २००५ मध्ये ते वसूल करायला सांगितले. सार्वजनिक पैसा वाहिन्यांच्या हाती द्यावा की प्रेक्षकाच्या, हा वाद त्या प्रकरणात पुरता उघडा पडला.

आता आपल्याकडे बघू. मुंबईत बंद झाले ते तारेतले अ‍ॅनालॉग. तारेतली जागा मोकळी झाली म्हणून हवेतल्या लहरी मोकळ्या झाल्या नाहीत, त्यामुळे लिलाव करून खोक्यांना पैसा देण्याचा अमेरिकी मार्ग इथे जसाच्या तसा लागू नव्हता. इथवर सरकारची बाजू बरोबर आहे.

पण सरकारला काहीच मिळणार नव्हते, असे मात्र नाही. अ‍ॅनालॉगच्या काळात कोणत्या गल्लीत किती जोडण्या आहेत हे केबलवाल्यालाच ठाऊक असे आणि सरकारला, वाहिन्यांना सांगितलेला आकडा त्याहून बराच कमी असे. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत दर जोडणीमागे महिना ४५ रुपये करमणूक कर होता. न दाखवलेल्या जोडणीवर तो भरला जात नसे. डिजिटलमध्ये प्रत्येक खोक्याला क्रमांक असतो आणि तो चालू-बंद करणारी यंत्रणा केंद्रातून चालते, म्हणून जोडणी लपवणे अवघड झाले. केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे करणाऱ्या २०११ च्या अध्यादेशामागे आणि पाठोपाठच्या कायद्यामागे हे मोठे कारण होते. कराची गळती थांबली, तिचा लाभ सरकारला झाला. वाहिन्यांना खऱ्या संख्येवर वर्गणी मागता येऊ लागली, तो लाभ त्यांचा. मोजणीचे हे यंत्र मात्र ग्राहकाने आपल्या खर्चाने आपल्या घरात बसवून घेतले.

त्यावर आणखी एक गोष्ट झाली. ट्रायने २०१० च्या शिफारशींत डिजिटल साधनांवरच्या आयातशुल्कात सवलत द्यावी असे सुचवले होते. फेब्रुवारी २०१३ च्या अर्थसंकल्पात सेट-टॉप बॉक्सवरचे शुल्क ५ टक्क्यांवरून १० टक्के झाले, आणि पुणे-नागपूरची मुदत तेव्हा महिन्यावर आली होती. देशी उत्पादनाला चालना हे कारण दिले गेले. खोके मुख्यतः चीनमधून येत असताना, आणि कायद्याने ते घेणे भाग पाडलेले असताना, हा निर्णय मला अजूनही अन्यायाचा वाटतो. सरकारने हातभार लावायचा नव्हता तर नसता लावला. निदान सक्तीच्या वस्तूवर कर तरी वाढवायचा नव्हता.

राज्य सरकारला ठरवले तर काय करता येते हे तामिळनाडूत दिसले. तिथल्या सरकारी अरसू केबल कंपनीने २०१७ पासून आपल्या ग्राहकांना खोके मोफत दिले. सरकारनेच केबल कंपनी चालवावी का, याबद्दल माझ्या मनात शंका आहेत. पण फुकट खोका भारतात शक्यच नव्हता, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

‘मधल्या मधे केबलवाल्याने पैसे खाल्ले’

गल्लीतला केबलवाला ग्राहकाला दिसतो, म्हणून राग त्याच्यावर निघतो. अ‍ॅनालॉगच्या दिवसांत वर्गणीचा मोठा भाग त्याच्याकडे राहत असे, यात खोटे काही नाही. पण डिजिटलने सर्वांत जास्त बदलली ती त्याचीच जागा. ज्या तारा त्याने गच्च्यांवरून, झाडांवरून स्वतःच्या पैशाने ओढल्या होत्या, त्या त्याच्याच राहिल्या, पण ग्राहकाची नोंद आणि खोक्याची किल्ली मोठ्या केबल कंपनीकडे, म्हणजे एमएसओकडे गेली. आपसांत करार झाला नाही तर वाटणी कशी व्हावी हे ट्रायने २०१२ मध्ये ठरवून दिले: निःशुल्क वाहिन्यांच्या रकमेत कंपनीला ५५ आणि केबलवाल्याला ४५ टक्के, सशुल्क वाहिन्यांत कंपनीला ६५ आणि त्याला ३५ टक्के.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीला अनेक कंपन्यांनी कर्ज काढून खोके आणले आणि आपल्याला पडलेल्या किमतीपेक्षा स्वस्तात दिले, पुढच्या वर्गणीतून भरून निघेल या भरवशावर. म्हणजे खोक्याचा सगळा भार पहिल्या दिवशी ग्राहकावर पडला नाही. तो दरमहा बिलातून पडत गेला.

‘पैसे भरले, म्हणजे खोका माझा’

कागदावर तो तुमचा असेलही. पण केबल कंपनी बदलली की तोच खोका बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण त्यातली कुलूपयंत्रणा एकाच कंपनीच्या सिग्नलला ओळखते. मोबाइलचे सिम बदलले तरी फोन तोच राहतो. खोक्याचे तसे होत नाही. डीटीएच परवान्याच्या अटींत खोका दुसऱ्या कंपनीला चालावा अशी अपेक्षा पूर्वीपासून आहे, पण व्यवहारात ती उतरली नाही. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने केबल आणि डीटीएच दोन्हींचे खोके परस्परांना चालतील अशी सक्ती करण्याची शिफारस केली. अशी सक्ती सुरुवातीपासून अमलात आली असती, तर कंपनी बदलणाऱ्या घराला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले नसते.

खोका विकतच घ्यावा लागतो, हाही गैरसमजच. दक्षिण मुंबईत २००६ अखेरीस ‘कॅस’, म्हणजे सशुल्क वाहिन्या फक्त खोक्यातूनच दाखवण्याची व्यवस्था, आली, तेव्हा ट्रायने भाड्याचे दोन पर्याय ठरवून दिले होते: ९९९ रुपये अनामत आणि महिना ३० रुपये, किंवा २५० रुपये अनामत आणि महिना ४५ रुपये. अनामत परत मिळणारी होती. २०१२ नंतरही भाड्याचा पर्याय नियमांत होता, पण फार थोड्या घरांना तो कोणी समजावून सांगितला. ‘हजार रुपये द्या, नाहीतर टीव्ही बंद’ एवढेच बहुतेकांच्या कानावर आले.

‘फुकट टीव्ही आता उरला नाही’

उरला आहे. दूरदर्शनची डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. छत्री आणि खोका एकदा विकत घेतला की महिन्याची वर्गणी नाही. इथे जागेचे पैसे खासगी वाहिन्या भरतात, तेही लिलावात बोली लावून. दिसण्याचा ज्याला जास्त फायदा, त्याने खर्च उचलायचा, हे तत्त्व आपल्याच देशात बरीच वर्षे चालू आहे.

दूरदर्शनचे हवेतले अ‍ॅनालॉग मनोरेही आता बहुतेक बंद झाले आहेत. प्रसार भारतीने २०२२ पर्यंत मोजके सोडून बाकीचे प्रक्षेपक गुंडाळले आणि त्यांनी अडवलेले लहरीपट्टे मोकळे केले. इथे अमेरिकेसारखाच हिशेब लागू होतो. त्या लहरींमधून जे काही उत्पन्न येईल, त्यातला वाटा ज्या दुर्गम घरांचा अँटेना निकामी झाला त्यांच्या छत्री-खोक्यासाठी राखून ठेवणे हे केंद्राचे कर्तव्य आहे, आणि ते आजही करता येईल.