सोंगाड्याचे शहाणपण

वैशाखाचे ऊन खान्देशाला होरपळून काढीत असते, त्या दिवसांत अमळनेरला बोरी नदीच्या वाळवंटात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. शुद्ध एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी निघते, आणि आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसांनी नदीचे कोरडे पात्र फुलून जाते. कोणी दर्शनाला येतो, कोणी भांडीकुंडी घ्यायला येतो, तर कोणी नुसती गंमत पाहायला येतो. खान्देशातील यात्रा आणि तमाशा ह्यांचे नाते जुने आहे. यात्रेच्या गावी तमाशाचा फड आला, म्हणजे दिवस मावळल्यावर ढोलकीवर थाप पडते आणि दिवसभर उन्हात राबलेला शेतकरी समोर मांडी ठोकून बसतो. तो एका माणसाची आतुरतेने वाट पाहत असतो. तो माणूस म्हणजे सोंगाड्या.

सोंगाड्याचे नुसते रूप पाहिले तरी हसू येते. डोक्यावर वेडीवाकडी टोपी, अंगात ढगळ सदरा आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू ह्या जगात तो आज सकाळीच आला आहे! त्याच्यासमोर सरदार उभा असतो. सरदार करारी, रुबाबदार आणि हुकूम सोडणारा. समजा, त्या दोघांचे बोलणे असे सुरू झाले:

“काय रे, मी सांगितलेले सारे पाठ केलेस का?”

“पाठ कशाला करायची, सरदार? देवाने जन्मतःच करून दिली आहे. ही पाहा!” असे म्हणून सोंगाड्या सरदाराकडे पाठ फिरवतो.

“अरे उद्धटा, मोठ्या माणसांचा मान ठेवता येत नाही तुला?”

“मोठ्या माणसांची मान त्यांच्याच खांद्यावर बरी, सरदार. मी ती कोठे ठेवू?”

प्रेक्षक खदखदून हसतात. सरदार कपाळाला हात लावतो. सोंगाड्या मात्र गंभीरच असतो. लोक का हसले, हे जणू त्याला कळतच नाही.

येथे घडले तरी काय? ‘पाठ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, तोंडपाठ केलेला मजकूर. दुसरा, शरीराचा मागचा भाग. ‘मान’ म्हणजे आदर, आणि ‘मान’ म्हणजे गळ्याचा मागचा भागही. एकाच शब्दातून दोन अर्थ निघू लागले, म्हणजे त्याला ‘श्लेष’ असे म्हणतात. बोलताना आपण त्यांपैकी एकच अर्थ मनात धरतो. दुसरा अर्थ जवळच उभा असला, तरी त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. सरदाराचे वाक्य ऐकताना प्रेक्षकांचे मन सरळ रस्त्याने चाललेले असते. सोंगाड्या ते एकदम आडवाटेला वळवतो. मन क्षणभर अडखळते, मग दोन्ही वाटा त्याला एकदम दिसतात, आणि त्या आनंदाने हसू फुटते.

म्हणून कोटी समजण्यासाठी ऐकणाराही तितकाच हुशार असावा लागतो. ज्याला शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे, त्याला ही गंमत कळत नाही. कोटीला हसणारा प्रत्येक प्रेक्षक, अक्षरओळख असो वा नसो, आपल्या भाषेचा चांगला जाणकार असतो.

परंतु केवळ शब्दांच्या दोन अर्थांवर सोंगाड्याचे काम भागत नाही. तमाशाच्या आरंभी गण आणि गौळण होतात. त्यांच्यामागून बतावणी येते आणि शेवटी वग सादर होतो. बतावणीत थापा, कोट्या आणि उलटसुलट तर्क ह्यांची नुसती बरसात होते. सोंगाड्याचा तर्क कसा चालतो, हे एका उदाहरणावरून दिसेल. समजा, गावात दुष्काळ पडला आहे. विहीर आटली आहे. सरदार चिंतेत बसला आहे. सोंगाड्या त्याला सल्ला देतो, “सरदार, विहीर विकून टाका.”

“अरे, कोरडी विहीर घेणार कोण?”

“ज्याच्याकडे पाणी आहे, पण ठेवायला विहीर नाही, तो घेईल!”

“आणि ती त्याच्या गावी न्यायची कशी?”

“त्याची काय चिंता? रिकामीच तर आहे. पाणी असते, तर जड झाली असती!”

हे बोलणे वेडेपणाचे आहे, ह्यात शंका नाही. पण त्यातील एकेक पायरी नीट पाहावी. पाणी ठेवायला जागा लागते, हे खरे आहे. रिकामे भांडे भरलेल्या भांड्यापेक्षा हलके असते, हेही खरे आहे. चूक आहे ती फक्त आरंभी. सोंगाड्याने विहिरीला घागर समजले. मात्र एकदा तसे समजल्यावर तो तर्काचा एकही नियम मोडत नाही. असंबद्ध विनोदाचे मर्म हेच आहे. तोंडाला येईल ते बरळण्याने कोणी हसत नाही. वेडेपणालाही शिस्त असावी लागते. इंग्लंडमधील लुइस कॅरल ह्या लेखकाने १८६५ साली अ‍ॅलिस नावाच्या मुलीची अद्भुत कथा प्रसिद्ध केली. तिच्यातील प्राणी आणि माणसे असेच उफराटे तर्क लढवतात. हा लेखक ऑक्सफर्ड येथे गणित शिकवीत असे, हे कळल्यावर आश्चर्य वाटते खरे. पण ज्याला तर्काचे सरळ रूप उत्तम ठाऊक आहे, त्यालाच ते कौशल्याने उलटे करता येते. बंगालमध्ये सुकुमार राय ह्यांनीही मुलांसाठी अशाच उफराट्या जगाच्या कविता रचल्या, आणि आजही तेथील मुले त्या आवडीने म्हणतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. सोंगाड्या इतका वेडा, तर लोक त्याच्यावर प्रेम का करतात? सरदाराला टाळ्या मिळत नाहीत आणि सोंगाड्याला मिळतात, असे का व्हावे?

ह्याचे उत्तर शोधण्यासाठी सोंगाड्याच्या भावंडांकडे पाहावे लागेल, कारण त्याचे कूळ फार मोठे आहे. गौळणीत श्रीकृष्णाचा सवंगडी पेंद्या असतो. तो लंगडतो, बोबडे बोलतो आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवताना साऱ्या गोष्टींचा गोंधळ करून ठेवतो. तरी तो कृष्णाचा लाडका आहे. तुर्कस्तानापासून भारतापर्यंत ज्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, तो मुल्ला नसरुद्दीन एकाच वेळी भोळा आणि चतुर आहे. मराठी साहित्यात चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) ह्यांनी निर्माण केलेला चिमणराव आहे. जोशी हे बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते; पण घरोघरी त्यांचे नाव झाले ते चिमणराव आणि गुंड्याभाऊ ह्या जोडीमुळे. चिमणराव मोठ्या उत्साहाने एखादे काम हाती घेतो आणि त्यात स्वतःच अडकून पडतो.

ह्या साऱ्यांत एक गुण समान आहे. त्यांच्या मनात कपट नाही. ते दुसऱ्याला खड्ड्यात ढकलीत नाहीत. पडलेच तर स्वतः पडतात. शिवाय, आपण जे लपवतो ते ते उघडपणे बोलून टाकतात. एखादी गोष्ट कळली नाही, तरी चारचौघांत आपण कळल्यासारखी मान हलवतो. सोंगाड्या मात्र ‘मला कळले नाही’ असे सरळ सांगतो. त्याला हसताना प्रत्येक जण आपल्याच लपवलेल्या वेडेपणाला हसत असतो, आणि म्हणूनच त्या हसण्यात माया असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सोंगाड्या वेडा दिसतो; पण सोंगाड्याचे काम करणारा कलावंत फडातील अत्यंत चतुर माणूस असतो. तमाशातील पुष्कळसे संवाद आयत्या वेळी सुचलेले असतात. समोर कोणते गाव आहे, पीक कसे आले आहे, लोक कशाने त्रासले आहेत, हे हेरून त्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. शब्द क्षणभर आधी पडला वा उशिरा पडला, तर हसू विरून जाते. ‘गाढवाचं लग्न’ ह्या वगातील सावळ्या कुंभार दादू इंदुरीकर ह्यांनी असा काही रंगवला, की तो भोळा कुंभार महाराष्ट्रभर लोकांच्या घरातला माणूस झाला.

सोंगाड्या लोकांची बोली बोलतो, हीदेखील त्याच्या लोकप्रियतेची एक खूण आहे. ही रीत आजची नव्हे. जुन्या संस्कृत नाटकांत नायक संस्कृत बोलतो, तर त्याचा मित्र विदूषक प्राकृत बोलतो. कालिदासाच्या शाकुंतलातील माढव्य आणि शूद्रकाच्या मृच्छकटिकातील मैत्रेय हे असेच विदूषक आहेत. त्यांची जीभ सामान्य लोकांच्या भाषेशी इमान राखते.

अमळनेरच्या परिसरातील घराघरांत अहिराणी बोलली जाते. अहिराणीत ‘आहे’ ह्याला ‘शे’ असे म्हणतात. आता अशी कल्पना करावी, की दूरच्या शहरातील एक व्यापारी ह्या भागात आला आणि त्याने एका शेतकऱ्याच्या मुलाला विचारले, “का रे बाळ, तुमच्याकडे बैल किती?” मुलगा म्हणाला, “बैल एक शे, काका.” म्हणजे, बैल एक आहे. व्यापाऱ्याच्या कानांनी मात्र ऐकले, ‘एकशे’!

ही गोष्ट दोन प्रकारांनी सांगता येते. एक प्रकार असा: व्यापारी हसतो, शेजारचे चार लोक हसतात, ‘ह्या पोराला धड बोलता येत नाही’ असे म्हणतात, आणि मुलगा खाली मान घालून निघून जातो. दुसरा प्रकार सोंगाड्याचा आहे. सोंगाड्याच्या गोष्टीत व्यापारी डोळे विस्फारतो. शंभर बैलांचा धनी म्हणून तो मुलाच्या बापाला वाकून नमस्कार करतो, शंभर झुली शिवायला टाकतो, शंभर बैलांना पुरेल इतकी सरकी आणि पेंड गाड्यांवर लादून घेऊन येतो; आणि गोठ्यात पाहतो तो एकच बैल शांतपणे रवंथ करीत उभा! शब्द तेच आहेत, गैरसमजही तोच आहे. पण पहिल्या गोष्टीत हसू मुलावर पडते, तर दुसऱ्या गोष्टीत ते, न कळताही कळल्याचा आव आणणाऱ्या व्यापाऱ्यावर पडते.

ह्या दोन हसण्यांतील अंतर फार मोठे आहे. वर्गात एखाद्या मुलाच्या तोंडून घरचा शब्द निघाला आणि सारे हसले, तर तो मुलगा पुन्हा बोलायला धजत नाही. त्याचे उत्तर बरोबर असले, तरी ते मनातच राहते. मग हळूहळू तो आपल्या आजीचे शब्दही लपवू लागतो. आणि लपवलेले शब्द पुढच्या पिढीला मिळत नाहीत. एका उपहासाने भाषेतील एक दिवा असा मालवतो. उलट, जळगावजवळच्या आसोदे गावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शेतात आणि घरात आपल्या बोलीतच गाणी रचीत. १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने निघाली आणि अवघ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्यांच्या बोलीतील खेळकरपणाने सारे हसले. पण बोलीला कोणी हसले नाही.

त्याच वर्षी, १९५२ मध्ये, अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याचे अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी होते. शब्द कोठून आले, त्यांची कुळे कोणती, ह्याचा शोध घेऊन ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ रचणारे ते पंडित. २०२४ साली हे संमेलन पुन्हा अमळनेरला भरले. ह्याच गावात प्रताप शेठ ह्यांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. जग म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, अशा प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी ते उभारले गेले.

पंडित, तत्त्वज्ञ आणि सोंगाड्या ह्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण पंडित शब्द उलटून पाहतो, तसा सोंगाड्याही पाहतो. जे सर्वांना ठाऊक आहे असे सर्व जण समजतात, त्याविषयी तत्त्वज्ञ प्रश्न विचारतो; सोंगाड्याही तेच करतो. फरक इतकाच, की सोंगाड्याचे उत्तर ऐकून सारे पोट धरून हसतात, आणि घरी परतताना त्यांतील एखादा मनाशी म्हणतो, ‘वेडा खरा, पण बोलला ते काही खोटे नव्हते!’