बामणघळ पाहिली, खोती कोण दाखवणार?

गुहागर तालुक्यातील हेदवीला पर्यटक येतात ते दशभुजा गणेश आणि बामणघळ पाहायला. भरतीचे पाणी खडकाच्या चिरेत घुसते नि उंच उसळते. पलीकडच्या काठावर, ओमानमधील सलालाजवळ मुगसैलला, हाच अरबी समुद्र पावसाळ्यात खडकाच्या भोकांतून असाच उसळतो. आमची पोरे पोटासाठी आखातात जातात, त्यांना ठाऊक असेल. त्या वाळवंटी देशात गुलामगिरी बंद झाली १९७० साली. १९८६ साली उघडलेल्या सुलतान काबूस विद्यापीठात आज मुली शिकतात.

आपल्या काठावरच्या गुलामगिरीचे नाव खोती. कूळ राबायचे, पिकाचा वाटा खोताच्या घरी जायचा, वर वेठ वेगळी. ती मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर धडकला. महार आणि कुणबी एका रांगेत चालले. कायदा यायला मात्र १९४९ उजाडले.

हा वारसा नव्हे काय? पर्यटकाला देवळाची कथा सांगता, घळीची दंतकथा सांगता. त्याच रस्त्यावर खोतीविरोधी लढ्याचा फलक लावा, ही आमची मागणी आहे. खर्च एका स्वागतकमानीहून कमीच येईल.