मूळ वही एक, फाटे अनेक



मोबाइलवर मराठी वाचताना ‘ल’ आणि ‘श’ कधीकधी हिंदी वळणाचे दिसतात. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

पडद्यावरच्या अक्षरांच्या संचाला फाँट म्हणतात. ‘लोहित’ हे आपल्या भाषांचे मुक्त फाँट. रेड हॅट कंपनीने ते २००४ साली खुले केले. त्यांच्या देखभालीचं बरंचसं काम आपल्या पुण्यात झालं. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. कोणीही ते उघडून पाहावं, बदलावं आणि वाटावं.

अशा कामाची मूळ प्रत जिथे ठेवतात, तिला रिपॉझिटरी म्हणतात. ती बचत गटाच्या इतिवृत्ताच्या वहीसारखी असते. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते आणि जुनं पान पुन्हा उघडता येतं. चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या आपल्या मुलींना हे लगेच कळेल. ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर असतो. जुन्या ड्रॉइंगवर माल काढला, तर अख्खा लॉट परत येतो.

मूळ प्रत घेऊन कोणी वेगळं काम सुरू केलं, की तो झाला फाटा. लोहितमध्ये हिंदी, कोकणी, मैथिली अशा भाषांचे वेगवेगळे फाँट होते. लिपी एकच, देवनागरी. चूक एका ठिकाणी दुरुस्त केली, तरी बाकीच्यांत ती तशीच राहायची. म्हणून हे फाँट ‘लोहित देवनागरी’त एकत्र केले.

मराठीचा फाँट मात्र वेगळा ठेवला, कारण आपला पाकळीचा ‘ल’ आणि आपला ‘श’ वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनानेही २००९ साली मराठीची प्रमाण अक्षरं ठरवून दिली. सगळं एकातच कोंबलं असतं, तर आपली अक्षरं हरवली असती. सगळं वेगळं ठेवलं असतं, तर तीच दुरुस्ती दहादा करावी लागली असती.

म्हणजे जे सारखं आहे ते एका जागी ठेवायचं, आणि खरी गरज असेल तिथेच फाटा काढायचा.

आपल्या ग्रामसंघालाही हे लागू आहे. हिशोबाचा नमुना प्रत्येक गटाने आपल्या परीने बदलला, तर वर्षाअखेरीस बेरीज जुळत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा: मूळ नमुना कोणाकडे राहील, बदलाची नोंद कोण करेल, आणि एका गटाला सुचलेली सुधारणा सगळ्यांपर्यंत कशी पोहोचेल.